होडीतील १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोबाइल, जीपीएस, व्हीएचएफ आणि दिवे कसे चालवावेत?

खाडीकाठी (धागाकर्ता)

नमस्कार. हर्णै बंदरात माझ्या मेहुण्यांची फायबरची होडी आहे. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, त्यावर स्टार्टर आणि अल्टरनेटर, आणि १२ व्होल्ट, ८० अँपिअर-तासांची एकच बॅटरी अशी मांडणी आहे. या बॅटरीवर दोन मोबाइल, एक जीपीएससह मासेशोधक यंत्र, एक व्हीएचएफ संच (इतर होड्यांशी आणि किनाऱ्याशी बोलण्याचा वायरलेस), केबिनमधील एलईडीची पट्टी आणि सहा सेलवर चालणारा जुना रेडिओ एवढे सर्व चालवायचे आहे. सध्या ३०० वॉटचा एक छोटा इन्व्हर्टर लावलेला असून त्यात घरचेच मोबाइल चार्जर खुपसलेले असतात. एलईडीची पट्टी एका हंगामात दोनदा जळाली, आणि इंजिन सुरू करताना जीपीएस दर वेळी बंद पडून पुन्हा चालू होतो.

बंदरावरील वायरमनचे म्हणणे असे की, ७८०५ नावाची तीन पायांची आयसी लावली की १२ चे ५ व्होल्ट होतात आणि मोबाइलचा प्रश्न वीस-पंचवीस रुपयांत सुटतो. बाकीची उपकरणे १२ व्होल्टचीच असल्यामुळे ती थेट जोडावीत. यात कितपत तथ्य आहे? बॅटरीपासून केबिनपर्यंत वायरीचा मार्ग सुमारे सहा मीटर आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावे, म्हणजे ते मला मेहुण्यांना पटवून देता येईल.

शून्यबिंदू

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी प्रत्यक्षात क्वचितच १२ व्होल्टची असते. तिच्यातील सहा कप्पे पूर्ण भारित असून बॅटरी काही तास विसावलेली असेल, तर टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात. निम्मी वापरली गेली की १२.२ च्या आसपास, आणि ११.८ ला ती जवळजवळ रिकामी झालेली असते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला १३.८ ते १४.४ व्होल्टने भरत असतो, तर स्टार्टर फिरतो त्या क्षणी हाच आकडा नऊच्याही खाली येऊ शकतो. म्हणजे तुमच्या उपकरणांना साधारण ९ ते १४.४ एवढा चढउतार सोसावा लागतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचे उत्तर यातच आहे: पट्टी जळते ती १४.४ मुळे आणि जीपीएस बंद पडतो तो ९ मुळे.

पट्टीचे गणित पाहण्यासारखे आहे. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन पांढऱ्या एलईडी आणि एक रोधक (रेझिस्टर) अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून सुमारे ९.६ व्होल्ट घेतात, म्हणून १२ व्होल्टवर रोधकाच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात. पुरवठा १४.४ झाला की एलईडी आपला हिस्सा फारसा वाढवत नाहीत, त्यामुळे वरचे जवळजवळ सगळे व्होल्ट रोधकावर पडतात. पुरवठा २० टक्क्यांनी वाढला, तरी प्रवाह मात्र दीडपटीच्या पुढे, कधीकधी दुपटीजवळ जातो. अशी पट्टी रात्रभर चालत्या इंजिनावर ठेवली की ती आधी पिवळट पडते आणि मग तुकड्या-तुकड्याने विझते. १० ते ३० व्होल्टवर चालणारा, आत स्वतःचा प्रवाहनियंत्रक असलेला बोटींसाठीचा दिवा घेतला, तर हा प्रश्नच उरत नाही.

आता ७८०५. ती आयसी जास्तीचे व्होल्ट उष्णतेच्या रूपात जाळून टाकते. १३.८ मधून ५ व्होल्ट काढून १ अँपिअर दिला, तर मोबाइलला ५ वॉट मिळतात आणि आयसीवर ८.८ वॉट जळतात, म्हणजे कार्यक्षमता ३६ टक्के झाली. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यावर न बसवता ती इतकी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. काही क्षणांत तापून आतील संरक्षणामुळे बंद होते, थंड झाली की चालू होते, आणि मोबाइल चार्जिंग घेत-सोडत राहतो. शिवाय तिची साधारण क्षमताच १ अँपिअरची आहे आणि तुम्हाला दोन मोबाइलसाठी किमान ३ ते ४ अँपिअर हवेत. पाच-दहा मिलिअँपिअर घेणाऱ्या एखाद्या सेन्सरसाठी ७८०५ आजही उत्तम आहे. मोबाइलसाठी ती वापरू नये.

जुने गॅरेज

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. ७८०५ च्या जागी बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारे छोटे सर्किट) वापरावा. तो व्होल्ट जाळत नाही. सेकंदाला लाखाच्या घरात वेळा चालू-बंद होऊन कॉइलमार्फत तेवढीच ऊर्जा पुढे सरकवतो. त्याची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के मिळते. ५ व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे १५ वॉट द्यायचे असतील, तर बॅटरीतून जेमतेम सव्वा ते दीड अँपिअर जातो.

मात्र बाजारात एलएम२५९६ या आयसीवर बनवलेले बक कन्व्हर्टरचे जे निळे मॉड्यूल मिळते, ज्याच्यावर व्होल्ट कमी-जास्त करणारा पितळी स्क्रूचा छोटा पोटेन्शिओमीटर असतो, ते होडीत मोबाइलसाठी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डिझेल इंजिनाच्या हादऱ्यांनी तो स्क्रू सरकतो आणि खाऱ्या हवेने त्याचा आतला संपर्क खराब होतो. ५ व्होल्टचे ७ झाले, तर ते कळायला मोबाइल जळावा लागतो. लावायचेच असेल, तर व्होल्टेज ठरवून झाल्यावर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का करावा. त्यापेक्षा १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालणारा, ५ व्होल्ट कायम ठरलेला असलेला गाडीचा चांगला चार्जर किंवा पॅनेलमध्ये बसणारे झाकणाचे यूएसबी सॉकेट घ्यावे. त्यात मोबाइलशी बोलणी करणारी चिपही असते. साध्या मॉड्यूलला यूएसबीची फक्त दोनच टोके जोडली, तर मोबाइल समोर संगणक आहे असे समजून अर्ध्या अँपिअरवर थांबतो आणि लोक उगाच केबलला दोष देतात.

गाड्यांच्या दुरुस्तीत दिसलेली आणखी एक गोष्ट. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल सैल होऊन निसटले, तर अल्टरनेटरचा प्रवाह अचानक निराधार होतो आणि लाइनवर क्षणभर झटका येतो. त्याला लोड डंप म्हणतात. अल्टरनेटरमध्ये आवर घालणारी सोय नसेल, तर १२ व्होल्टच्या यंत्रणेत हा झटका ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. एलएम२५९६ ची मर्यादा ४० व्होल्टची आहे. म्हणून टर्मिनल घट्ट असणे ही पहिली सुरक्षितता समजावी आणि उपकरणांच्या फ्यूजनंतर धन-ऋण तारांमध्ये असा झटका स्वतःवर झेलणारा एक टीव्हीएस डायोड लावावा. गंजलेले टर्मिनल हातोडीने ठोकून घट्ट करणारे तांडेल (होडीचे प्रमुख) बंदरावर पुष्कळ आहेत. त्याने बॅटरीचे शिसे फाकते आणि आठवड्याने ते पुन्हा सैल होते.

खाडीकाठी

दोघांचेही आभार. हे उत्तम समजले. मेहुण्यांचा एक प्रश्न आहे: इन्व्हर्टर तर आहेच, मग तो का काढायचा? आणि जीपीएस, व्हीएचएफ ही १२ व्होल्टची यंत्रे थेट जोडली तर चालतील ना? सध्या त्यांना पंख्याच्या जोडणीला वापरतात तशी १ एम.एम.ची दुपदरी वायर लावलेली आहे.

शून्यबिंदू

इन्व्हर्टर काढावा, कारण तो १२ चे २३० करतो आणि चार्जर त्या २३० चे पुन्हा ५ करतो. दोन्ही पायऱ्यांवर गळती आहे, शिवाय असा छोटा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी सुमारे अर्धा अँपिअर पितो. दहा तासांच्या रात्रीत ५ अँपिअर-तास नुसत्या त्याच्या घरघरीत जातात, आणि तेवढ्यात तुमचे दोन्ही मोबाइल शून्यापासून पूर्ण भरले असते. ओल्या केबिनमध्ये खाऱ्या हाताने २३० व्होल्टचा प्लग काढणे-घालणे हा धोका तर वेगळाच.

थेट जोडण्याबद्दल सांगायचे, तर यंत्राच्या मागील पट्टीवर काय छापले आहे ते पाहावे. बहुतेक बोटींच्या व्हीएचएफ संचांवर १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असे लिहिलेले असते, म्हणजे तो संच ११.७ ते १५.८ व्होल्टपर्यंत नीट चालतो. मासेशोधक यंत्रांची मर्यादा सहसा आणखी रुंद असते. ही यंत्रे थेट जोडण्यासाठीच बनवलेली आहेत. याउलट भिंतीतल्या अडॅप्टरवर चालणारा वायफाय राउटर किंवा कॅमेरा १२ व्होल्टचा असला, तरी त्याला नेमक्या १२ चीच सवय असते. आतले कपॅसिटर अनेकदा १६ व्होल्टपर्यंतच सोसणारे असतात आणि १४.४ वर ते कायम काठावर राहतात. अशा यंत्रासाठी ९ ते १८ व्होल्ट घेऊन स्थिर १२ देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लागतो. नुसता बक तिथे उपयोगाचा नाही, कारण तो व्होल्ट उतरवू शकतो, चढवू शकत नाही.

तुमची खरी अडचण ती १ एम.एम.ची वायर आहे. सहा मीटर जाणे आणि सहा मीटर येणे, असे बारा मीटर तांबे प्रवाहाच्या वाटेत येते. १ चौरस मिलिमीटरच्या बारा मीटर तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम भरतो. व्हीएचएफवर बोलण्यासाठी बटण दाबले की २५ वॉटच्या प्रक्षेपणाला सुमारे ६ अँपिअर लागतात, म्हणजे वाटेतच सव्वा व्होल्ट हरवतात. पहाटे इंजिन बंद असताना बॅटरी १२.२ वर असेल, तर संचापाशी १०.९ पोहोचतील. ऐकू सगळे येईल, पण बोलायला गेल्यावर संच मान टाकेल, आणि नेमके संकटकाळी १६ नंबरच्या चॅनेलवर हाक मारताना हे घडेल. २.५ एम.एम. लावली तरी अर्धा व्होल्ट जातो आणि संच मर्यादेच्या रेषेवर येतो. ४ एम.एम. लावल्यास तूट ०.३ व्होल्टवर येते. म्हणून मुख्य जोडी बॅटरीपासून केबिनपर्यंत ४ एम.एम.ची न्यावी आणि तिथे फ्यूजबॉक्समधून फाटे काढावेत.

दर्यावर्दी_ईटीओ

व्यापारी जहाजांवर विद्युत अधिकारी म्हणून काम करतो, त्यामुळे गाडी आणि होडी यांतील एका फरकाविषयी लिहितो. गाडीत संपूर्ण पत्र्याची बॉडी हीच ऋण तार असते. वायरमन मंडळी हीच सवय होडीत आणतात आणि उपकरणाची ऋण तार जवळच्या एखाद्या बोल्टला किंवा इंजिनाच्या पायाला बांधून मोकळी होतात. होडीत असे कदापि करू नये. प्रत्येक उपकरणाला धन आणि ऋण अशा दोन्ही तारा फ्यूजबॉक्सपासून स्वतंत्र न्याव्यात, आणि इंजिनाचा ऋणाशी संबंध एकाच ठिकाणी, म्हणजे बॅटरीच्या जाड केबलनेच असावा.

याचे कारण समुद्राचे पाणी आहे. होडीच्या तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात सोललेली धन तार बुडाली, तर प्रवाह पाण्यातून इंजिन, शाफ्ट आणि होडी ढकलणाऱ्या पंख्याकडे (प्रॉपेलर) वाट काढतो. फ्यूज उडण्याइतका तो मोठा नसतो, पण ज्या धातूतून तो पाण्यात उतरतो तो धातू झिजत जातो. वायरीच्या जोडाकडे पाहिले तरी हे दिसते: धन बाजूचे तांबे हिरवी भुकटी होऊन गेलेले असते आणि शेजारची ऋण तार पुष्कळ शाबूत असते. त्यामुळे तळात एकही जोड ठेवू नये, वायरी वरच्या कडेने न्याव्यात, आणि शक्य असेल तर कल्हई केलेल्या तांब्याची मरीन वायर घ्यावी. ती महाग वाटते, पण साध्या वायरीत दोन पावसाळ्यांत काळेपणा आवरणाच्या आत हातभर चढतो. तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून, म्हणजे क्रिम्प करून, त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीटश्रिंक नळी बसवावी. नुसता सोल्डर केलेला जोड हादऱ्यांनी त्याच्या कडेला तुटतो.

फ्यूजबाबत आग्रहाने सांगतो. तो केबिनमध्ये असून भागत नाही. बॅटरीच्या धन टोकापासून सात इंचांच्या आत मुख्य फ्यूज असावा असा अमेरिकी बोट-मानकाचा दंडक आहे आणि तो शहाणपणाचा आहे. वायर कुठे घासली गेली, तर शॉर्ट झाल्यावर ८० अँपिअर-तासांची बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि मोबाइलसाठी टाकलेली बारीक वायर काही सेकंदांत लालबुंद होते. फायबरच्या होडीत, डिझेलच्या टाकीशेजारी, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ४ एम.एम.च्या वायरीला २० अँपिअरचा पिवळा ब्लेड फ्यूज मुख्य म्हणून ठेवावा. पुढे व्हीएचएफला १० चा लाल, जीपीएस आणि यूएसबीला प्रत्येकी ५ चा, दिव्यांना ५ चा. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो, हे लक्षात ठेवून वायरीच्या जाडीवरून आकडा ठरवावा.

बॅटरीच्या पेटीत कन्व्हर्टर, स्विच किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) यांपैकी काहीही ठेवू नये. भरताना बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. ब्लेड फ्यूजही त्यामुळे पेटीच्या भिंतीच्या बाहेरून बसवावा.

लहरलांबी

रेडिओचा मुद्दा राहून गेला आहे. सहा सेलचा रेडिओ म्हणजे ९ व्होल्ट. त्याला बक कन्व्हर्टर लावला, तर मीडियम वेव्हवर आकाशवाणीऐवजी फक्त भुणभुण ऐकू येण्याची शक्यता आहे. एलएम२५९६ सेकंदाला दीड लाख वेळा, म्हणजे १५० किलोहर्ट्झने चालू-बंद होतो आणि त्याचे पटीतील स्वर ६००, ७५०, ९०० असे थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येऊन बसतात. इथे वर ज्या आयसीला आपण नाकारले तिचीच ९ व्होल्टची बहीण कामाची आहे: ७८०९ लावावी. रेडिओ जेमतेम पन्नास-शंभर मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे जळणारी उष्णता अर्ध्या वॉटच्या आसपास राहते आणि आवाज स्वच्छ येतो. आयसीच्या दोन्ही बाजूंना कपॅसिटर लावायला विसरू नये.

व्हीएचएफच्या बाबतीत यूएसबी चार्जर लावला की स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) आपोआप उघडून खरखर येते का, ते बंदरातच तपासावे. येत असेल, तर चार्जरच्या दोन्ही तारा एकत्र फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेढे देऊन न्याव्यात आणि चार्जर अँटेनाच्या केबलपासून लांब ठेवावा. स्वस्त चार्जरमध्ये हे फिल्टर वगळूनच किंमत कमी केलेली असते.

खाडीकाठी

जीपीएस बंद पडण्याचा प्रश्न अजून बाकी आहे. एकाने सुचवले की, दुसरी छोटी बॅटरी ठेवावी. शेजारच्या मोठ्या ट्रॉलरवर २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडलेल्या आहेत आणि ते त्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेतात. तसे काही करता येईल का?

जुने गॅरेज

ट्रॉलरवाल्यांचे अनुकरण अजिबात करू नका. उलट त्यांनाच थांबवा. एकीपुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेल्या दोन बॅटऱ्यांमधून भरण्याचा प्रवाह दोघींना समान मिळतो, पण खर्च मात्र एकीचाच होतो. जिच्यावरून १२ व्होल्ट घेतात ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून पाणी उडवत राहते. वर्ष-दीड वर्षात दोन्ही जातात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. त्यांनी २४ चे १२ करणारा १० अँपिअरचा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून टोकांवर लावावा.

तुमच्यासाठी दुसरी बॅटरी हा योग्य मार्ग आहे, मात्र ती ७ अँपिअर-तासांची यूपीएसची खेळणी-बॅटरी नसावी. ४० ते ६० अँपिअर-तासांची, शक्यतो खोल वापर सोसणारी ट्यूब्युलर घ्यावी आणि दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले बसवावा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो. त्यामुळे स्टार्टर फिरताना जीपीएस वेगळ्या बॅटरीवर असतो, आणि रात्रभर दिवे लागले तरी इंजिनाची बॅटरी सकाळी शाबूत राहते. रिलेच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही बॅटऱ्यांपाशी, फ्यूज हवेत.

शून्यबिंदू

दुसरी बॅटरी आवश्यकच आहे असे मला वाटत नाही. एका रात्रीचा हिशेब करून पाहू. जीपीएस ०.८ अँपिअर दहा तास म्हणजे ८, व्हीएचएफ ऐकण्यासाठी ४ आणि बोलण्यासाठी १, केबिनचा दिवा ६, मार्गदर्शक दिवे एलईडीचे असतील तर ५, दोन मोबाइल ४. एकूण २८ अँपिअर-तास. ८० च्या बॅटरीचा हा जवळपास तिसरा हिस्सा झाला. इंजिन मधूनमधून चालत असेल, तर एवढे चालून जाते. दिवसाला येऊन-जाऊन असणाऱ्या होडीला जीपीएससाठी एक बक-बूस्ट आणि मोबाइलसाठी एक चांगली पॉवरबँक पुरते. पॉवरबँक इंजिन चालू असताना भरावी आणि मोबाइल तिच्यावरून भरावे.

जुने गॅरेज

हिशेब बरोबर आहे, पण तो नव्या बॅटरीचा आहे. स्टार्टरची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी पातळ प्लेटांची बनवलेली असते. रोज तिसरा हिस्सा काढत गेलात, तर वर्षभरात ८० ची ५० होते आणि मग तेच २८ निम्म्याहून जास्त भरतात. खडकाजवळ नांगर निसटला आणि इंजिन उचलत नाही, अशा वेळी पॉवरबँक कामाची नाही. एकाच बॅटरीवर राहायचे ठरले, तर निदान व्होल्टेज उतरल्यावर भार तोडणारे मॉड्यूल लावा. तोडण्याचा आकडा १२.१, पुन्हा जोडण्याचा १२.८ ठेवावा, आणि स्टार्टरच्या क्षणिक घसरणीने ते तुटू नये म्हणून त्यात काही सेकंदांचा विलंब असलेलेच घ्यावे. व्हीएचएफ मात्र या मॉड्यूलच्या आधी जोडावा. तो कधीही आपोआप बंद होता कामा नये.

खाडीकाठी

मेहुण्यांशी बोललो. दुसरी बॅटरी आणि रिले पुढील हंगामात घ्यायचे ठरले. तोपर्यंत ४ एम.एम.ची वायर, फ्यूजबॉक्स, भार तोडणारे मॉड्यूल, जीपीएससाठी बक-बूस्ट, झाकणाचे यूएसबी सॉकेट आणि रेडिओला ७८०९. सॉकेटवर बॅटरीचे व्होल्ट दाखवणारा छोटा लाल आकड्यांचा मीटर येतो, तो कायम चालू ठेवला तर हरकत नाही ना?

दर्यावर्दी_ईटीओ

हंगामात हरकत नाही, पण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तो नक्की बंद करावा. असा मीटर आणि सॉकेटमधील चिप मिळून २० मिलिअँपिअर घेतात असे धरले, तर ६१ दिवसांत २९ अँपिअर-तास संपतात. बॅटरीची स्वतःची गळती त्यात मिळवली, की ऑगस्टमध्ये होडी पाण्यात उतरवताना ती अर्ध्याखाली गेलेली असते आणि तेवढे दिवस अर्धवट राहिल्याने प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलेले असते. मुख्य फ्यूजनंतर एक जलरोधक स्विच टाकावा, म्हणजे किनाऱ्यावर ओढल्यावर सगळा फाटा एकदम तुटेल. रोजच्या वापरातही यूएसबी सॉकेटला वेगळा स्विच असावा, कारण ओल्या सॉकेटमध्ये ५ व्होल्ट सतत असले, की त्याचे पितळी दात मी वर म्हटले त्याच रीतीने खाल्ले जातात. बंदीच्या काळात बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा पूर्ण भरावी. होडीवर बसवताना आधी धन आणि मग ऋण टोक जोडावे, काढताना याच्या उलट, म्हणजे पाना चुकून इंजिनाला लागला तरी ठिणगी उडणार नाही.